गिअरबॉक्स उतरवताना



आज मी तुमच्याशी जीपच्या क्लचविषयी आणि गिअरबॉक्सविषयी बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाने असा विषय निवडावा याचं काहींना नवल वाटेल. पण शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ज्याचं आयुष्य गेलं, त्याला या विषयाचं नवल वाटणार नाही. आमच्याकडे पाऊस, भात आणि पाणी यांच्यानंतर माणसं सगळ्यांत जास्त कशाविषयी बोलत असतील, तर गाडीविषयी. गाडी आली का, गाडी गेली का, गाडी बंद पडली का.

आधी आमचा मुलूख नजरेसमोर आणा. मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसाऱ्याकडे जाणारी रेल्वे शहापूर तालुक्यातून जाते. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं तुम्ही लोकलच्या पाटीवर वाचली असतील. मुरबाडला तर रेल्वेही नाही. कल्याणहून निघालेला रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाट चढतो आणि नगरकडे जातो. या दोन मोठ्या रस्त्यांच्या मध्ये आणि आजूबाजूला किन्हवली, शेणवे, डोळखांब, धसई, म्हसा अशी बाजाराची गावं आहेत आणि त्या गावांच्या मागे, डोंगराच्या कुशीत, ठाकरांचे, कातकऱ्यांचे, महादेव कोळ्यांचे पाडे आहेत. एसटी मोठ्या गावापर्यंत येते. पाड्यापर्यंत जीप जाते. आणि जीप जिथे थांबते, तिथून पुढे आजही कधी कधी डोली लागते. आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. डोली जिथे संपते तिथे जीप सुरू व्हायला हवी असते. ती सुरू झाली आणि हललीच नाही, तर? क्लचचा प्रश्न आमच्याकडे हौसेचा नाही तो यासाठी.

जीप या प्रदेशात आली कशी, हेही थोडं सांगतो. अमेरिकन लष्कराने १९४० साली एक हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी मागितली आणि त्यातून जीप जन्मली. दुसरं महायुद्ध संपलं. इकडे १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून एक कंपनी काढली होती. तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचं नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. याच कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या बांधायला सुरुवात केली. नावातला मोहम्मद गेला, पण गॅरेजमधला राहिला. आमच्या भागातल्या कुठल्याही नाक्यावर जा, गाडीचा मालक आगरी किंवा कुणबी, ड्रायव्हर ठाकर आणि खाली चटईवर पाठ टेकून पडलेला मिस्त्री मुसलमान, असं चित्र कितीतरी वर्षं दिसत आलं आहे. आता ठाकरांची पोरंही उत्तम मिस्त्री झाली आहेत, हे आनंदाने सांगतो.

पुढे कांदिवली, नाशिक, इगतपुरी इथे महिंद्राचे कारखाने झाले. म्हणजे शहापूर तालुका कारखान्यांच्या वाटेवरच पडला. जुनी तीन गिअरची जीप, मग डिझेलची चार गिअरची, मग कमांडर, मॅक्स आणि त्यांच्या जोडीला ट्रॅक्स. काळा-पिवळा रंग मारून याच गाड्यांनी आमची दोन पिढ्यांची वाहतूक केली. शाळेतली पोरं, भेंडीच्या पाट्या, म्हशाच्या यात्रेला निघालेली माणसं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं एकाच गाडीत. आता काळ्या-पिवळ्या कमी झाल्या, छोट्या व्हॅन आल्या. पण पाड्याच्या चढावर, चिखलात, ओढ्यात अजूनही जीपच विचारली जाते.

आता मुद्द्यावर येऊ. क्लच म्हणजे काय? इंजिन सतत फिरत असतं. चाकं कधी फिरायला हवीत, कधी थांबायला हवीत. या दोघांच्या मध्ये एक तबकडी असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असतं. आपले मिस्त्री त्याला लायनर म्हणतात. एका बाजूला इंजिनाचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील. दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांनी दाबणारी प्रेशर प्लेट. पाय पेडलवर नसतो तेव्हा तबकडी या दोघांत घट्ट दाबलेली असते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जाते. पेडल दाबलं की एक फाटा, म्हणजे फोर्क, रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि तबकडी मोकळी होते. इतकंच. लक्षात घ्या, पायाने आपण क्लच धरत नाही, सोडवतो. धरणं हे त्याचं स्वतःचं काम आहे. आपण पाय मध्ये घातला की त्याची पकड कमी होते.

आमच्याकडचे क्लच लवकर का जातात, याचं अर्धं उत्तर यात आलं. नऊ माणसांच्या गाडीत पंधरा माणसं, वर टपावर सामान, समोर चढ. ड्रायव्हर पाय पेडलवरून काढतच नाही. गॅरेजच्या भाषेत याला ‘हाफ क्लच’ म्हणतात. तबकडी धड धरलेली नाही, धड सुटलेली नाही. ती घासते, तापते, जळते. तो जळका वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे, आणि तेवढ्यासाठी कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. आपल्या पाड्यांचे रस्ते त्याहून कितीतरी उभे. जीपला मागून कोण लावणार? तिला पहिला गिअरच लावावा लागतो. जुन्या तीन गिअरच्या जीपमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो रिंग नसते. म्हणून चालत्या गाडीत तो घालायचा तर ‘डबल क्लच’ करावा लागतो. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडा ॲक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर घाला. हे ज्याला जमत नाही त्याने गाडी पूर्ण थांबवून पहिला गिअर घालावा. दाते खरवडून घालू नये. उतरतानाही तेच. माळशेज ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवायला जाऊ नका. वाचलेल्या डिझेलपेक्षा जिवाचं मोल मोठं आहे.

आता समजा गाडी कुरकुर करू लागली. आमच्या नाक्यावर एक म्हातारे मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. गाडी आली की ते हत्याराला हात लावायच्या आधी दोनच प्रश्न विचारत. मी कितीदा तरी तिथे बाकड्यावर बसून ते ऐकले आहेत.

“चाचा, गाडी आवाज करते.”

“पाय ठेवल्यावर बोलते, का पाय काढल्यावर?”

“पाय ठेवला की किरकिरते.”

“मग रिलीज बेअरिंग. आणि चढावर काय करते?”

“इंजिन ओरडतं न्‌ गाडी जागची हलत नाय.”

“मग प्लेट पण संपली. बस, चहा घे.”

या दोन प्रश्नांत सगळं तपासशास्त्र आहे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन सुरू. पेडलवर पाय दाबला की आवाज येतो तर संशय रिलीज बेअरिंगवर. पाय काढल्यावर आवाज येतो आणि दाबला की थांबतो, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा, कारण पेडल दाबलं की गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरायचा थांबतो. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरत पडतो, तर क्लच नीट सुटत नाही. गाडी उचलताना थडथडते, तर प्लेटवर तेल आलं असेल किंवा इंजिनाचे रबरी माउंटिंग तुटले असतील. गिअर पडतो पण आपोआप बाहेर येतो, तर वरच्या झाकणातली गोळी आणि स्प्रिंग पाहा, मग दात्यांची झीज पाहा.

आणि काहीही खोलण्याआधी पेडल हाताने दाबून बघा. जुन्या जीपमध्ये सुरुवातीचा सुमारे इंचभर प्रवास मोकळा असायला हवा. लायनर झिजत जातं तशी ही मोकळीक कमी होते. ती संपली की बेअरिंग सतत टेकून राहतं आणि पाय न लावताही हाफ क्लच सुरू होतो. अशा वेळी दांडीचा किंवा केबलचा एक नट फिरवून काम भागतं. पाण्याच्या टाकीवर चढण्याआधी नळ बंद आहे का ते बघावं, तसंच हे.

पण प्लेट खरंच संपली असेल, तर गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. हे काम घरच्या अंगणात होतं का? होतं. आमच्याकडे शेकडो वेळा झालं आहे. पण त्याचा एक क्रम आहे आणि तो चुकवायचा नसतो.

जागा सपाट आणि कडक हवी. भाताच्या खाचरात किंवा ओल्या मातीवर जॅक लावू नका. बॅटरीची तार सोडा. चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि चासीखाली मजबूत स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. विटा रचूनही नाही, वीट अचानक फुटते. मग गिअरबॉक्सचं तेल काढा आणि ते तेल नीट बघा. त्यात बारीक पिवळी चमक असेल तर पितळी सिंक्रो रिंगा झिजल्या आहेत. लोखंडाचे तुकडे असतील तर दाता तुटला आहे. पांढरट, ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे. ओढ्यातून गाडी काढणाऱ्यांना हे ताक ओळखीचं असतं.

त्यानंतर पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट. सोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या तोंडांवर छिन्नीने एकेक खूण करा. तो शाफ्ट जसा होता तसाच बसायला हवा, नाहीतर गाडी हादरते. आतून पायाखालचं पत्र्याचं झाकण काढा, गिअरचा दांडा काढा आणि त्या उघड्या भोकावर लगेच स्वच्छ फडकं टाका. त्यात पडलेला एक नट नवीन गिअरबॉक्स मागतो. इंजिनाला मागून लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या, कारण आता मधली आडवी पट्टी निघणार आहे. जीपमध्ये गिअरबॉक्सला मागे चारचाकी ताकदीचा दुसरा बॉक्सही चिकटलेला असतो. दोन्ही एकदम खाली येतात. हे ओझं एका माणसाच्या छातीवर झेलायचं नसतं. दोन माणसं, एक जॅक, आणि बोल्ट निघाल्यावर बॉक्स सरळ मागे. तो पुढच्या शाफ्टवर लोंबकळत ठेवला तर प्लेटचा मधला भाग वाकतो. म्हणून जाणते लोक डोकं कापलेले दोन लांब बोल्ट आधी भोकांत फिरवतात आणि त्यांच्यावरून बॉक्स सरकवत काढतात.

आतली काळी पूड दिसली की हवा मारायचा मोह होतो. कृपा करून मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगाला कारण ठरतात. ते तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आजार वर्षानुवर्षांनी येतो. ओलं फडकं घ्या, पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. तोंडाला रुमाल नको, नीट मास्क बांधा. आमच्या कित्येक मिस्त्रींनी आयुष्यभर ही पूड फुंकून उडवली. त्यांच्या खोकल्याला आम्ही विडीचं नाव दिलं. सगळा दोष विडीचा होता असं मला वाटत नाही.

प्लेट एकटी बदलू नका. उतरवण्याची मेहनत मोठी, त्या मानाने सुटे भाग स्वस्त. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मधोमध बसलेलं छोटं पायलट बेअरिंग, चारही एकदम बघा. पायलट बेअरिंग दिसायला बोटभर, पण ते अडकलं की क्लच सुटतच नाही आणि माणूस बाकी सगळं बदलत बसतो. फ्लायव्हीलवर रिव्हेटांनी चरे पाडले असतील तर लेथवर फेस मारून घ्या. इंजिनामागच्या सीलमधून तेल येत असेल तर ते आधी बदला, नाहीतर नवीन प्लेट आठवड्यात तेलकट होईल. जुन्या जीपचे भाग आमच्याकडे कल्याणला नाही मिळाले तर माणसं कुर्ल्याच्या भंगारबाजारापर्यंत जातात. जुना भाग सोबत न्यावा आणि दात्याला दाता लावून बघावा. तोंडी सांगून आणलेली प्लेट परत करायला दुसरा दिवस मोडतो.

बसवताना प्लेट अगदी मध्यभागी यावी लागते. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा कापलेला पुढचा शाफ्ट वापरतात. तो नसला तर सुताराकडून त्याच मापाचा लाकडी दांडा करून घेतात. प्लेटची कुठली बाजू इंजिनाकडे ते आधी बघा, उलटी बसली तर सगळं पुन्हा खाली. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक पूर्ण न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. शाफ्टच्या खाचांना ग्रीस बोटाने पुसण्याइतकंच. जास्त लावलं तर ते उडून लायनरवर जातं. शेवटी ९० नंबरचं गिअर ऑईल भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत, पेडलची मोकळीक पुन्हा मोजायची आणि पहिले काही दिवस चढावर गाडी सांभाळून चालवायची.

पावसाळ्याची एक युक्तीही सांगतो. चार महिने जीप किंवा ट्रॅक्टर पडवीत उभा राहिला की दमट हवेने प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. दिवाळीला गाडी काढायला जावं तर क्लच सुटत नाही. म्हणून आमचे शेतकरी पावसाळ्याच्या तोंडावर पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये एक काठी अडकवून ठेवतात. प्लेट मोकळी राहते. काठीला खर्च काहीच नाही.

हे सगळं आता कशाला, असं कुणी विचारेल. नव्या गाड्यांचे क्लच हायड्रॉलिक आहेत, काहींचं रिलीज बेअरिंग आणि त्याचा सिलिंडर एकत्र गिअरबॉक्सच्या आत असतो, दोष संगणक लावून शोधतात. विजेच्या गाड्यांना तर क्लचच नाही. खरं आहे. नवी थार २०२० साली आली, ती चाचांच्या प्रश्नांना पूर्ण उत्तर देणार नाही. गाड्या चांगल्या झाल्या, सुरक्षित झाल्या, याचा मला आनंदच आहे. जुन्या जीपच्या धुराचं गुणगान मी करणार नाही.

माझी काळजी वेगळी आहे. नव्या गाडीचं सर्व्हिस सेंटर कल्याणला आणि ठाण्याला आहे. पाडा जिथे होता तिथेच आहे. रात्री दोनला डोळखांबच्या पलीकडे गाडी अडली तर संगणक घेऊन कुणी येत नाही. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकर लागतो. तो टँकर ओढणाऱ्या गाडीचाही क्लच जातो. तेव्हा कामाला येतो तो माणूस, ज्याला आवाज कळतो. असा माणूस प्रत्येक गावात एक तरी असावा. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या पोरांनी नवीन यंत्रं शिकावीतच, पण एखादा जुना गिअरबॉक्स स्वतःच्या हातांनी खोलून, धुऊन, पुन्हा जोडावा. ज्याने एकदा ताकद एका चाकातून दुसऱ्या चाकात जाताना पाहिली, त्याला पुढचं कुठलंही यंत्र परकं वाटत नाही.

आणि कुठे थांबायचं, हेही त्याने शिकावं. क्लच अंगणात बदला. पण ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्याशी अंदाजाने खेळू नका, ते जाणत्याच्या देखरेखीखालीच करा. गाडी जागची हलली नाही तर माणसं पायी घरी जातात. ती थांबली नाही तर घरीच जात नाहीत.

शब्दांचा माणूस म्हणून शेवटी एका शब्दाविषयी बोलतो. ‘दुरुस्त’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत त्याचा अर्थ बरोबर, योग्य, धडधाकट. आपण त्याला क्रियापद जोडलं आणि दुरुस्त करणं म्हणजे बिघडलेलं पुन्हा बरोबर करणं झालं. ‘मिस्त्री’ पोर्तुगीजांकडून आला, ‘क्लच’ इंग्रजांकडून आणि ‘पकड’ घरचीच. गॅरेजमधल्या एका वाक्यात हे सगळे शब्द शेजारी शेजारी बसतात आणि कुणी कुणाला गाव विचारत नाही. “मिस्त्री, क्लचची पकड दुरुस्त करून द्या.” सगळ्यांना कळतं आणि काम होतं.

पुढच्या वेळी पाड्याच्या चढावर एखादी जुनी जीप घरघरत वर जाताना दिसली, तर बाजूला होऊन तिला वाट द्या. चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावू नका. तिच्या क्लचचे तेवढेच चार दिवस वाढतील, आणि आत कोण बसलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.